खणातल्या पेन ड्राइव्हचा जळफळाट

मी पेन ड्राइव्ह बोलतोय. दचकलात? दचकायची सवय खरं तर माझी. कुणी न सांगता मला खसकन ओढून काढलं की माझ्या पोटात खड्डा पडतो. व्हायरसचं नुसतं नाव निघालं तरी मी गार होतो. आणि गेले काही महिने मला आणखी एक दुखणं जडलंय. मी जळतो. नाव घ्यायचं तर सेंट्रलवर जळतो. पण ते पुढे येईलच.

माझा जन्म कुठे झाला ते मला माहीत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा गंगापूर रोडवरच्या एका दुकानात, काचेमागे, कडक प्लास्टिकच्या पाकिटात टांगलेला होतो. नवनाथ सरांनी मला विकत घेतलं आणि ते पाकीट कात्रीने फोडताना माझ्या अंगावरही एक ओरखडा काढला. नवनाथ सर म्हणजे अंबडच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीतले कॉम्प्युटरवाले साहेब. माझ्या अंगावर त्यांनी मेहुण्याच्या लग्नाचा व्हिडिओ भरला होता. मला तो तोंडपाठ होता. वऱ्हाडी कुठे नाचतात, मामा कुठे रुसतो, सगळं.

मग एक दिवस योगिनी आली. इंदिरानगरची, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, वर्षाच्या करारावर. नवनाथ सरांनी मला साफ पुसलं. लग्न गेलं, मामा गेला. आणि मला तिच्या हातात ठेवून ते म्हणाले, "हा घे. सुताराला करवत, तसा तुला हा. यात सगळी सॉफ्टवेअर आहेत. फिरायचं आणि टाकत सुटायचं."

तिने मला लाल नाडी बांधली आणि गळ्यात घातलं. आता सांगा, मला चढणार नाही तर काय?

ते दिवस! कंपनीत कुठल्याही कॉम्प्युटरवर काही नवीन टाकायचं असो, जुनं काढायचं असो, आम्ही दोघं निघायचो. हिशेबाच्या खोलीतून स्टोअरमध्ये, स्टोअरमधून ड्रॉइंगवाल्यांकडे, तिथून शेडच्या टोकाला टेस्टिंगच्या खोलीत. आम्ही दारात दिसलो की लोकांचे चेहरे उजळायचे.

"आल्या बाई! ताई, आलातच आहात तर माझ्या प्रिंटरकडे पण बघा ना. सकाळपासून नुसता कण्हतोय." हे स्टोअरमधले किशोरभाऊ.

"किशोरभाऊ, त्यात कागद नाहीये."

"म्हणून कण्हतोय होय! मला वाटलं, माझ्यावर रुसलाय."

माणसांची ही गंमत मी जवळून पाहिली. कॉम्प्युटर चालत असला की त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. अडला की त्याला मेल्या म्हणतात, मग थापट्या मारतात, मग हात जोडतात. आणि शेवटी आम्हाला बोलावतात. योगिनी मला खोवायची, माझा निळा दिवा लुकलुकायचा, पडद्यावर हिरवी पट्टी भरत जायची, तेवढ्यात तिच्यासाठी चहा यायचा. मी मनात म्हणायचो, बघा, सगळे माझी वाट बघत असतात.

आणि मग तो आला.

सेंट्रल. त्याला चेहरा नाही, नाडी नाही, दिवा नाही. नवनाथ सरांच्या खोलीतल्या कपाटात, एसीच्या गारव्यात बसलेल्या मोठ्या कॉम्प्युटरवर तो राहतो. मी योगिनीच्या घामाने भिजायचो आणि याला बाराही महिने थंडी! कंपनीतल्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये याने आपला एकेक हस्तक बसवलाय. एका जागेवरून हुकूम सोडतो, आणि सगळीकडे एकदम सॉफ्टवेअर चढतं नाही तर उतरतं. दार वाजवणं नाही, "येऊ का" विचारणं नाही.

"बघ योगिनी," नवनाथ सर हरखून म्हणाले, "चहा गार व्हायच्या आत अख्ख्या कंपनीत अँटिव्हायरस! तुला आठवडा लागायचा."

योगिनी हसली. मला ते हसू अजून बोचतं. त्याचं कौतुक करायला तिला माझ्याच देखत हसायचं होतं?

त्यानंतर त्यांनी सगळ्या कॉम्प्युटरांचे पोर्ट बंद करायला लावले. पोर्ट म्हणजे मी जिथे शिरतो ती खाच. बाहेरचा पेन ड्राइव्ह नको, रोगराई नको, असं कारण. बंद करायचा हुकूम योगिनीने दिला, सेंट्रलवरूनच. आणि मला गळ्यातून काढून खणात टाकलं. माझ्या शेजारी बामची रिकामी डबी, स्टेपलरच्या पिना आणि अर्धी चिक्की. हा माझा नवा शेजार.

खणाच्या फटीतून जेमतेम काही दिसतं, ऐकू मात्र सगळं येतं. एक दिवस सर तिच्या टेबलाशी आले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "मनाला लावून घेऊ नको हं. पण ज्योत्स्ना मॅडम विचारत होत्या, आता सगळं एका खुर्चीतून होतं तर दोन माणसं कशाला. मार्चअखेर तुझा करार संपतोय. मी बोलेन त्यांच्याशी. पण तू तयारीत राहा."

ज्योत्स्ना मॅडम म्हणजे कारखान्याच्या प्रमुख. त्यांचा शब्द शेवटचा.

सर गेले. थोड्या वेळाने खण उघडला. मला वाटलं, माझ्यासाठी. तिने चिक्की घेतली आणि खण लावला.

त्या दिवसापासून ती घाबरीघुबरी असायची. फोन वाजला तरी खुर्ची करकरायची. सेंट्रलने मला खणात घातलं होतं, आता तिला कंपनीबाहेर काढणार होता. आणि ती वेडी त्याच्याच पुढ्यात बसून त्याचीच कामं शिकत होती. मला इतका राग यायचा की काय सांगू!

फेब्रुवारीत एके दिवशी सर म्हणाले, "आज साफसफाई कर. जे सॉफ्टवेअर कुणी तीन महिन्यांत उघडलंच नाही ते काढून टाक. सेंट्रल तारीख दाखवतो."

"सर, एकदा फिरून विचारून येऊ का लोकांना?"

"अगं, विचारलंस की सगळेच म्हणतात, राहू दे. घरातले रिकामे डबे कुणी टाकून देतं का? तारीख बघ आणि काढ."

"पण सर, टेस्टिंगचा तो प्रोग्रॅम..."

"त्याची तारीख काय?"

"दसऱ्याची."

"मग? दसऱ्यापासून कुणी हात लावलेला नाही. काढ."

बटण दाबल्याचा आवाज मी ऐकला. भिंतीपलीकडे, पोट भरून ढेकर दिल्यासारखा सेंट्रलचा पंखा घुमला.

तिचा चहा अजून अर्धाच झाला असेल, तेवढ्यात फोन वाजला. टेस्टिंगच्या खोलीतला वाल्मीक होता. त्याचा आवाज एवढा चढला होता की मला खणात ऐकू आलं.

"ताई, आकडे गेले! पंपाला प्रेशर दिलेलं हाय, मीटर चालू हाय, आन पडदा एकदम कोरा! कुणी काय केलं?"

खुर्ची मागे आदळली. खण उघडला. योगिनीने मला मुठीत घेतलं आणि धावत सुटली. ती रडकुंडीला आली होती. मी मात्र खुशीत होतो, कशाला लपवू? किती दिवसांनी तिच्या मुठीत होतो!

टेस्टिंगच्या खोलीत पंप पाण्याच्या दाबावर तपासतात. तो प्रोग्रॅम आकडे वाचतो आणि पास झालेल्या पंपाचा दाखला छापतो. दाखला नसेल तर माल फाटकाबाहेर जात नाही. बाहेर ट्रक भरून उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

"वाल्मीकदादा," योगिनी धापा टाकत म्हणाली, "तुम्ही तो प्रोग्रॅम दसऱ्यापासून उघडलाच नव्हता ना?"

"उघडायला आधी बंद करायला पायजे ना, ताई!"

"म्हणजे?"

"म्हणजे मी बंद करतच नाय. मागं एकदा बंद केला तर दीड दिवस उघडायचं नाव घेईना. दसऱ्याला मशीनची पूजा केली, चांगला मुहूर्त बघून उघडला, तवापासून चालूच हाय. घरी जाताना नुसता पडदा इझवतो. लाइट गेली तर बॅटरी हाय. कॉम्प्युटर मधेमधे विचारतो, बंद करून चालू करू का, की मी आपला दाबतो, नंतर."

पडद्याच्या कडेला पूजेचं हळदीकुंकू अजून होतं. योगिनीच्या आता सगळं लक्षात आलं. सेंट्रलला फक्त उघडल्याची तारीख कळते. महिनोन् महिने उघडाच असलेला प्रोग्रॅम त्याच्या लेखी टाकलेला.

"इथे दारात येऊन बघितलं असतं तरी कळलं असतं," ती पुटपुटली.

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला.

"ताई, रडू नका आता. पुन्यांदा टाकता येईल का नाय, तेवढं सांगा."

तिने मूठ उघडली. तो प्रोग्रॅम मशीन बसवायला आलेल्या माणसाने फार पूर्वी दिला होता, आणि तो फक्त माझ्याकडे होता. सेंट्रलकडे नव्हता. फक्त माझ्याकडे! तिने मला खाचेत खोवलं. मी छाती फुगवली. आता माझा दिवा लागेल.

दिवा लागला नाही.

पडद्यावर उमटलं, "हे उपकरण वापरण्याची परवानगी नाही." ज्या कॉम्प्युटरमध्ये मी हक्काने ये-जा करायचो, त्याने मला ओळखसुद्धा दाखवली नाही.

"पोर्ट बंद आहे," योगिनी म्हणाली. "मीच केलंय."

तिने नवनाथ सरांना फोन लावला. "सर, टेस्टिंगचं पोर्ट उघडा. लवकर."

"पोर्ट कशाला? सेंट्रलवरून टाक की."

"सेंट्रलमध्ये नाहीये, सर. फक्त पेन ड्राइव्हमध्ये आहे."

पलीकडे सर क्षणभर गप्प झाले. त्या गप्प होण्यासाठी मी उरलेला जन्म खणात काढायला तयार आहे.

मग सेंट्रलने परवानगी दिली. त्याने दिली, तेव्हा कुठे माझा दिवा लागला. उसनी साडी नेसून लग्नाला गेलेल्या बाईला कसं वाटत असेल, ते मला तेव्हा कळलं. पण पट्टी भरत गेली. वाल्मीक हात जोडून उभा. नशिबाने जुन्या नोंदी जागच्या जागी होत्या. आकडे पुन्हा पडद्यावर आले, पंप पास झाला, दाखला छापून बाहेर आला.

"निघाला!" वाल्मीक ओरडला. "जा म्हणावं त्या भोंग्याला!"

दारात ज्योत्स्ना मॅडम उभ्या होत्या. मागे नवनाथ सर, घाम पुसत.

"कुणी काढला प्रोग्रॅम?" मॅडमनी विचारलं.

"मी काढला," योगिनी म्हणाली. मला खाचेतून काढून तिने मुठीत घेतलं.

"न बघता?"

नवनाथ सरांनी घसा खाकरला. "मॅडम, ती जाऊन विचारते म्हणत होती. मीच म्हटलं, तारीख बघ आणि काढ."

"आन मी पण बंद केला नाय कधी," वाल्मीक मधेच म्हणाला. "दोष द्यायचाच तर थोडा हिकडं पण द्या."

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते दिसू दिलं नाही. "नवनाथ, मी तुम्हाला विचारलं होतं ना, दोन माणसं कशाला? आता तुम्हीच सांगा."

सर म्हणाले, "एकाने खुर्चीत बसायला, मॅडम. आणि दुसऱ्याने आधी जाऊन बघायला."

"मग तसंच करा. योगिनी, इथून पुढे काढायचं काहीही असलं तर आधी तू स्वतः जाऊन बघायचं. मार्चनंतरही."

मार्चनंतरही! योगिनीने मला इतकं घट्ट दाबलं की माझं टोपण निघालं.

इथे थांबलो असतो तर मी सुखी प्राणी असतो. पण परत आल्याबरोबर सर म्हणाले, "तो प्रोग्रॅम आधी सेंट्रलमध्ये घालून ठेव. उद्या हा पेन ड्राइव्ह हरवला म्हणजे?" आणि योगिनीने घातला. माझ्याकडे जे एकच होतं, जे त्याच्याकडे नव्हतं, तेही गेलं. टेस्टिंगचं पोर्ट पुन्हा बंद झालं. मी पुन्हा खणात. चिक्कीसुद्धा उरलेली नव्हती.

आता योगिनी रोज फिरते. कंपनीने तिला शेडमध्ये जायचे स्वतःचे बूट दिलेत, काळे, जड, पुढून लोखंडाचे. ते टेबलाखाली, माझ्या खणाच्या अगदी खाली असतात. ती ते घालते आणि ठक ठक करत निघते. परवा ती उठायच्या आधीच किशोरभाऊ तिला बोलवायला आले. "ताई, आज आमच्याकडे फेरी नाही का? चहा सांगून ठेवलाय."

तिच्या गळ्यात मी नव्हतो. हातात काहीच नव्हतं. तरी चहा सांगितलेला होता.

म्हणजे ते माझी वाट बघत नव्हते. कधीच बघत नव्हते. हे कळलं तेव्हा मी खणात खूप वेळ नुसता पडून होतो. सेंट्रललाही मग कुठला चहा? तो थंडीत एकटा बसलेला. त्याच्यावर जळून जळून मी उगाच झिजलो.

पण स्वभाव जात नाही. आता मी त्या बुटांवर जळतो. रोज तिच्यासोबत जातात. हिशेबाच्या खोलीत, स्टोअरमध्ये, शेडच्या टोकापर्यंत. वाल्मीकचे विनोद ऐकतात आणि संध्याकाळी अंगभर धूळ मिरवत परत येतात.

योगिनी, ऐकतेस का? माझ्याकडे काही नसलं तरी चालेल. पोर्ट बंद असू दे, दिवा न लागू दे. तुझ्या खिशात जागा आहे. एकदा मला नुसतंच फिरायला ने.