मी निघालोय, तू जेवून घे

घरात ती धाकटी. पन्नाशी उलटली, केस पिकले, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत हाताखाली माणसं आली, तरी दादाच्या तोंडी ती धाकटीच राहिली. आता पक्षी बघायच्या सहलीला या बेटावर आल्यापासून ग्रुपमधले अनोळखी लोकही तिला तसंच म्हणायला लागले होते. “तुमच्या धाकटीला सांगा, बुटाला जळू लागलीय.” तिला बोलावून सांगण्याऐवजी दादाला सांगायचे. जशी काही ती त्याच्या सामानातली एखादी पिशवी होती.

दादाने तिला इतक्या लांब रानं तुडवायला आणलं ते काही उगाच नव्हतं. निघण्याआधीच त्याने सगळं स्पष्ट करून टाकलं होतं.

“हे बघ, सहलीपुरतं आईला मावशींवर सोपवू. नीट राहिली, तर तुझ्याशिवाय राहू शकते हे कळेल, आणि मी त्या वृद्धाश्रमातली जागा पक्की करतो. नाही राहिली, तर पुन्हा विषय काढणार नाही. शास्त्रीय पद्धत आहे, तुझ्याच लायनीतली. पटतंय?”

मावशी म्हणजे दिवसभर आईजवळ बसणारी बाई. भली होती, आईची वेणीसुद्धा घालायची. धाकटीला नाही म्हणायला काही सापडलं नाही. आणि खरं सांगायचं तर नाही म्हणावं असं मनापासून वाटलंही नाही. दोन वर्षांत ती एकदाही सलग झोपली नव्हती.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आईच्या डोक्यात मात्र ते ठरत नव्हतं. दिवेलागणीला तिचं सुरू व्हायचं, “हे आले नाहीत अजून?” सुरुवातीला धाकटी खरं ते सांगायची. मग आई पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हंबरडा फोडायची, सकाळी विसरायची, आणि संध्याकाळी पुन्हा विचारायची. रोज नव्याने विधवा होणारं माणूस रोज बघायचं म्हणजे काय, ते दादाला परगावी राहून कळणार नव्हतं.

मग एकदा जुना फोन चाळताना बाबांच्या आवाजातला एक निरोप सापडला. कधीतरी कामावर अडकले होते तेव्हाचा. “अगं, मी निघालोय. तू जेवून घे, वाट बघू नकोस.” धाकटीने पुढचा खोकला आणि मागचा रहदारीचा आवाज कापून टाकला, आणि तेवढंच वाक्य ठेवलं. त्या संध्याकाळी आईला ऐकवलं. आईचा चेहरा असा काही उजळला की धाकटी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर आई म्हणत होती, “निघाले हं,” आणि मुकाट जेवत होती. ताट धुऊन होईपर्यंत ती सगळं विसरलेलीही होती.

तेव्हापासून तो रोजचा शिरस्ता झाला. पण धाकटीने नियम घालून घेतला होता. दिवसाकाठी एकदाच, आणि ताट वाढून समोर ठेवल्यावरच. निघताना तिने तो जुना फोन मावशीकडे दिला आणि तिला नव्या लॅब असिस्टंटला बजावावं तसं बजावलं, “एकदाच. आधी ताट, मग आवाज. उलटं नाही.” मावशी म्हणाली, “कळलं हो ताई, मी काय लहान आहे?”

रोज संध्याकाळी मावशीचा निरोप दादाच्या फोनवर यायचा. दादा तो जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवायचा. “जेवल्या. झोपल्या. मजेत आहेत. घ्या! निकाल कुठल्या बाजूला चाललाय, वन्सं?”

‘वन्सं’ हा खरं तर वहिनीचा शब्द. नणंदेला चिडवायला ती वापरायची, नवऱ्याने तो उचलला होता. वहिनी हसली, “अहो, तिला जेवू तरी द्या.” धाकटी जेवली. आई मजेत आहे याचा तिला आनंद झाला, आणि आपल्याविना मजेत आहे हे लागलंही. दोन्ही खरं होतं.

सहल तशी छानच होती. पहाटे उठायचं, जळवा चढू नयेत म्हणून गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे घालायचे, आणि गाईडबाईंच्या मागे रांगेने निघायचं. गाईडबाई चाळिशीच्या, सडपातळ, आवाज खालचा. त्यांच्या मागे धाकटी, तिच्या मागे वहिनी, मग दादा, आणि सगळ्यात शेवटी एक निवृत्त गृहस्थ, ज्यांच्या कॅमेऱ्याची लांबलचक नळी बघून वहिनीने त्यांचं नाव ‘तोफखाना’ ठेवलं होतं. रानात उजेड कमी, ओल भरपूर. झाडांच्या मुळांच्या भिंतीच्या भिंती उभ्या. धाकटी बुरशी बघायला वाकायची की मागून दादा म्हणायचा, “झालं, हिची लॅब उघडली.”

पण सगळ्यांचा जीव अडकला होता तो एका पक्ष्यात. आपल्याकडच्या नवरंगाच्या जातकुळीतला, जमिनीवर पाला उलटत हिंडणारा, निळ्या पोटाचा आणि लाल डोक्याचा. बेटाबाहेर कुठेच नाही. दादाने ऑफिसात फ्रेम लावायची जागासुद्धा ठरवून ठेवली होती.

त्या सकाळी गाईडबाई एका ओढ्याजवळ थांबल्या. पाठपिशवीतून काडेपेटीएवढा स्पीकर काढला, आणि दोन स्वरांची शीळ एकदा वाजवली. लगेच स्पीकर आत.

“एकदाच?” तोफखान्याने विचारलं.

“त्याला वाटतं, दुसरा नर आपल्या हद्दीत शिरलाय,” गाईडबाई म्हणाल्या. “आला तर आला. पिल्लांचे दिवस आहेत.”

सगळे श्वास रोखून उभे राहिले. लांबून एक उत्तर आलं, बारीक. पुढे काहीच नाही. दादाने पाय बदलले, घड्याळ बघितलं.

“इतके हजार मैल आलो ते शीळ ऐकायला का?” असं म्हणत त्याने खिशातून फोन काढला. पक्ष्यांच्या आवाजांचं अॅप त्याने येतानाच घेऊन ठेवलं होतं.

“साहेब, नको,” गाईडबाई म्हणाल्या.

“दोन मिनिटं फक्त.”

त्याने शीळ लावली. पुन्हा लावली. मग ती थांबवायचंच सोडून दिलं. फोन हातात उंच धरून तो उभा राहिला आणि शीळ वाजत राहिली. गाईडबाई एकदा “बास आता” म्हणाल्या, पण असं की ऐकू आलं नाही तरी चालेल. तोफखान्याने तोफ खांद्याला लावली होती.

पक्षी आला. पळतच आला, पाल्यातून, आणि धाकटीच्या समोर एका पडलेल्या ओंडक्यावर चढला. अंग फुगवलेलं, पंख अर्धे उघडलेले. निळा रंग एवढा गडद होता की तिला क्षणभर आपण कशासाठी आलो तेच उमगल्यासारखं झालं. मग तिला त्याची चोच दिसली. चोचीत गांडुळं होती, तीन-चार, दोन्ही बाजूंनी लोंबणारी. पिल्लांसाठी नेत होता.

शीळ वाजली. पक्ष्याने मान वर केली, चोच उघडली आणि उत्तर दिलं. गांडुळं खाली पडली.

त्याने खाली बघितलंसुद्धा नाही. इकडे वळून शीळ घातली, तिकडे वळून घातली. ओंडक्याच्या या टोकाला पळाला, त्या टोकाला पळाला, शत्रू कुठेच नाही. कॅमेऱ्याचे आवाज येत राहिले.

“दादा, बंद कर.”

“थांब गं, चोच उघडतोय बघ कसली!”

“अरे त्याच्या चोचीत—”

“श्श!” वहिनी म्हणाली.

धाकटीने पुढे होऊन भावाच्या हातातला फोन काढून घेतला. पन्नास वर्षांत असं तिने पहिल्यांदाच केलं असेल. शीळ थांबली. पक्षी मात्र थांबला नाही. तो आता नसलेल्या आवाजालाही उत्तर देत होता. ते सगळे तिथून निघाले तेव्हाही देत होता.

परतताना दादाचं तोंड फुगलेलं होतं, फोटो मिळाल्यामुळे पुरतं फुगता येत नव्हतं इतकंच. धाकटी गाईडबाईंना म्हणाली, “तुम्ही थांबवायला हवं होतं.”

“मागच्या ग्रुपला थांबवलं होतं ताई. त्यांनी कंपनीला लिहिलं, गाईड उद्धट आहे.” त्या थोडं चालल्या. “मादी असेल तर ती भरवेल पिल्लांना. हा आता दिवसभर हद्द राखत बसेल. खायचा नाही, भरवायचा नाही.”

ते शब्द कानावर पडले आणि धाकटीला मावशीला बजावलेलं आठवलं. ताट आधी, मग आवाज. मावशी रोज ‘जेवल्या’ कळवायची, पण ताट आधी की आवाज आधी, हे तिच्या एकाही निरोपात नव्हतं.

मुक्कामाच्या जागी फोनला रेंज फक्त जेवणाच्या व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात यायची. चिखलाचे मोजेही न काढता ती तिथे गेली. मावशीने फोन उचलला.

“आई जेवली का?”

“मजेत आहेत ताई.”

“मावशी, जेवली का विचारतेय.”

“दूध घेतलंय की. दूध म्हणजे जेवणच झालं त्यांच्या वयाला.”

“आणि काल?”

मावशी घडाघडा बोलायला लागली. “दाराजवळून हलतच नाहीत हो. खुर्ची तिथेच घ्यायला लावलीय. चपला घालून बसतात. ताट नेलं तर म्हणतात, ते आल्यावर. आणि रडायला लागल्या की मी आवाज लावते, की शांत. म्हणजे तेवढ्यापुरत्या शांत. मग परत लावते.”

“मी एकदाच म्हटलं होतं ना?”

“दादा म्हणाले, त्रास द्यायला लागली की लावत जा, एकदाच कशाला.”

धाकटीने मागे बघितलं. दादा टेबलाशी बसून तोफखान्याने फोनवर दिलेले फोटो वहिनीला दाखवत होता.

“आईला द्या फोन.”

खुर्ची सरकली. आईचा श्वास ऐकू आला. “कोण?”

“आई, मी गं. धाकटी.”

“हां हां. बरी आहेस ना? ठेव आता.”

“आई, ऐक. दोन घास खाऊन घे. मी सांगते म्हणून.”

“ठेव गं बाई फोन! ह्यांचा यायचाय. तू लाईन अडवून बसलीस तर त्यांनी करायचा कसा?”

धाकटी बोलायला गेली, पण आईने फोन कधीच परत केला होता. मागून तिचा आवाज येत होता, कुरकुरणारा, मग चिरका होत गेलेला. मावशी म्हणाली, “बघा, सुरू झालं. काय करू ताई? लावू का?”

“नको.”

ती ऐकत राहिली. आई आता रडत नव्हती, हाका मारत होती. बाबांना कधी नावाने हाक न मारणारी बाई, “अहो... अहो...” करत होती. दाराची कडी वाजत होती. मावशी म्हणत होती, “असं नाही करायचं, पडाल.” धाकटीला खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगायचं कोणाच्या आवाजात? तिचा आवाज आता फक्त लाईन अडवणारा होता.

“ताट वाढलेलं आहे का?” तिने विचारलं.

“आहे, सकाळचंच आहे. समोर ठेवते.”

“ठेवा. आणि लावा. एकदाच.”

दोन फोनांमधून गाळून येताना बाबांचा आवाज पार पातळ झाला होता. *अगं, मी निघालोय. तू जेवून घे, वाट बघू नकोस.* तिनेच कापून-तासून नीट केलेलं वाक्य. खोकला नाही, रहदारी नाही.

“बघ, निघाले,” आई म्हणाली. केवढी खुशीत म्हणाली! मग ताट जमिनीवर पडल्याचा आवाज आला, आणि चपला फरफटत दाराकडे गेल्याचा.

धाकटी टेबलाशी येऊन बसली. वहिनीने तिच्या तोंडाकडे बघून पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने सगळं सांगितलं, एकही शब्द न वाढवता.

दादा ऐकताना फोन बाजूला ठेवेल असं तिला वाटलं होतं. त्याने तो फक्त उलटा केला. “मला काय माहीत असं होईल? तूच शोधून काढलंस ते औषध. मी फक्त मात्रा वाढवली.”

हे खोटं नव्हतं.

“तू म्हणाला होतास,” ती म्हणाली, “नीट राहिली नाही तर विषय काढणार नाहीस.”

“हो, पण आता तूच बघ ना. एकट्या बाईच्या जिवावर आईला घरी ठेवलं की हे असं होतं. तिथे चार माणसं आहेत, डॉक्टर आहे.” मग जरा हळू आवाजात, “तू तरी किती दिवस ओढणार?”

म्हणजे आई नीट राहिली असती तरी जागा पक्की होती, आणि राहिली नाही तरी पक्कीच होती. असा प्रयोग तिच्या लॅबमध्ये कोणी आणला असता तर तिने फाईल परत पाठवली असती. पण घरी गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी आपणही तोच आवाज लावणार आहोत, हे तिला ठाऊक होतं. आणि दादालाही ते ठाऊक असावं.

वहिनीला तो ताण सोसवेना. तिने फोन सुलटा करून फोटो धाकटीसमोर धरला. “हा बघ तरी. कसला आलाय! जणू गातोय.”

फोटो खरंच सुरेख होता. निळं पोट, लाल डोकं, सताड उघडलेली चोच. चोच रिकामी. खाली ओंडक्यावर गांडुळं पडली होती, ती चौकटीत आली नव्हती.

“हो,” धाकटी म्हणाली. ती खाली वाकली आणि मोज्यांच्या नाड्या सोडायला लागली. एका मोज्यात वरून जळू शिरली होती, पोटभर पिऊन टम्म झालेली. तिने ती ओढली नाही. नखाने एका बाजूने सरकवून अलगद सोडवली.

“खोली दाराजवळची नको,” ती वर न बघता म्हणाली.

“काय?”

“आईची तिथली खोली. दारापासून लांबची घे. जिथून दार दिसणार नाही अशी.”

“म्हणजे हो ना?” दादाने विचारलं.

ती पायावरचं रक्त पुसत राहिली. जळू चावली की ते लवकर थांबत नाही.