थोडंसं

लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी नणंदबाईंचं पालुपद काही बदललं नव्हतं. "अगं वहिनी, थोडंसं खाल्लं तर काय होतंय?" गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी वहिनी दोन दिवस अंथरूण धरायची, पण नणंदबाईंच्या लेखी ते सगळे नखरे!

यंदा सगळं घर परदेशातल्या रिसॉर्टवर आलं. पहिल्याच सकाळी नाश्त्याला वहिनीने पर्समधून एक कार्ड काढून आचाऱ्याच्या हातात दिलं. 'मला गहू चालत नाही, गव्हाचं पीठ लागलेला चमचासुद्धा नाही,' असं तिने त्याच्याच भाषेत लिहून आणलं होतं.

"झालं! टांगली आमची अब्रू वेशीला," नणंदबाई पुटपुटल्या.

आचाऱ्याने कार्ड दोनदा वाचलं, मान डोलावली आणि तो आत गेला. वीस मिनिटांनी स्वतःच ताटली घेऊन आला. तांदळाच्या पिठाचे, बदाम पेरलेले लुसलुशीत पॅनकेक, वाफा निघताहेत, वरून मध ओघळतोय. बाकीची मंडळी मात्र गार, वातड टोस्टशी झटापट करत होती.

नणंदबाईंच्या तोंडाला पाणी सुटलं. टोस्टचा चुरा लागलेला काटा त्यांनी हळूच पुढे केला. "वहिनी, थोडंसं दे ना गं!"

वहिनीने ताटली अलगद आपल्याकडे ओढली.

"काट्याला गहू लागलाय, वन्सं," ती गोड हसून म्हणाली. "थोडंसंसुद्धा चालत नाही."