नव्व्याण्णवात गेलेला बॉयलर

सव्वाअकराला भिंतीवरच्या नव्या स्क्रीनवर एक शून्य उमटलं आणि कपाटबाई खुर्चीतून उठल्या.

कपाटबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बॉयलर तपासणी खात्याच्या या कचेरीतल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या एकतीस वर्षं त्यांच्याकडे, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. तोंडावर मात्र सगळे मुकाट्याने 'बाई' म्हणत. गेले तीन महिने त्या कपाटांतली आणि जुन्या कंप्युटरमधली एकूण एक नोंद क्लाउडवर चढत होती. क्लाउड म्हणजे कुठल्या तरी लांबच्या इमारतीतले भाड्याने घेतलेले कंप्युटर, असं साहेबांनी समजावून सांगितलं होतं.

"म्हणजे कपाट दुसऱ्याच्या घरात आणि किल्ली आपल्याकडे," बाई म्हणाल्या होत्या.

"किल्लीसुद्धा त्यांच्याचकडे, बाई. पण भरवशाची माणसं आहेत."

त्या भरवशाच्या माणसांपैकी एक समोरच्या टेबलावर बसला होता. कंपनीचा इंजिनिअर, कचेरीने त्याचं बारसं 'ढगवाला' असं करून टाकलं होतं. आज सकाळी नवीन यंत्रणा सुरू झाली, साहेब शहराच्या दुसऱ्या टोकाला सभागृहात उद्घाटनाला गेले, आणि भिंतीवर आकडे झळकू लागले. जोडलेले कारखाने: एकशे बारा. वैध बॉयलर: चारशे सहा. बंदी असलेले बॉयलर: शून्य.

"बघा बाई, एकही बंद नाही," ढगवाला खुशीत म्हणाला. "चित्र किती स्वच्छ दिसतंय."

"दहा आहेत," बाई म्हणाल्या. "दहा बॉयलर बंद आहेत. ते कुठे गेले?"

ते कुठे गेले हे विचारता विचारताच त्यांना कळलं होतं.

जुन्या कंप्युटरमध्ये तपासणीच्या तारखेचा रकाना होता, पण 'हा बॉयलर पेटवू नका' असं लिहायला जागाच नव्हती. करणाऱ्याच्या डोक्यात ते आलंच नसावं. मग बावीस वर्षांपूर्वी बाईंनीच युक्ती काढली. ज्या बॉयलरवर बंदी, त्याच्या तपासणीची तारीख टाकायची एकतीस डिसेंबर नव्व्याण्णव. एवढी जुनी तारीख दिसली की कचेरीतलं शेंबडं पोरही समजायचं. "तो ना? तो नव्व्याण्णवात गेला," असं बोललं जाई. युक्ती कुठेही लिहिलेली नव्हती. लिहायची गरजच कधी पडली नव्हती.

आणि मागच्या महिन्यात ढगवाला याद्या घेऊन आला होता. इथे पिनकोड नाही, तिथे आडनाव दोनदा, अमुक तारीख चुकीची वाटते. रोज नवी यादी, रोज तीच कटकट. शेवटी बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "करा काय करायचं ते," म्हणून त्यांनी चाळीस पानांच्या यादीवर न वाचता सही ठोकली. बाईंच्या नजरेतून एरवी एक अक्षर सुटत नसे, पण त्या दिवशी वैतागाच्या भरात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा न बघता सही केली.

"नव्व्याण्णवच्या तारखांचं काय केलंत?"

"अशक्य तारखा ना? त्या जागी यंत्रणा सुरू व्हायच्या दिवसाची, म्हणजे आजची तारीख भरली. तुमची मंजुरी होती, बाई."

म्हणजे दहाच्या दहा बॉयलर आज तपासले गेले होते आणि एकदम ठणठणीत होते. बाईंनी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदा एकच कारखाना उघडला. गावाबाहेरची कागद गिरणी, बॉयलर नंबर तीन. आठ महिन्यांपूर्वी तपासनिसांना त्याच्या पोटात तीन ठिकाणी भेगा सापडल्या होत्या. आता त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. त्याखाली नव्या यंत्रणेची करामत: कारखान्याचा कंप्युटर आता खात्याच्या कंप्युटरशी थेट बोलत होता, त्यामुळे तिथला बेतही इथे दिसत होता. 'पेटवणी: आज, दुपारी १२.००.'

त्या गिरणीच्या बॉयलरघरात बाईंचा धाकटा भाऊ कामाला होता. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला लहानाचा मोठा बाईंनीच केला. आज त्याची सकाळची पाळी.

त्यांनी त्याला फोन लावला. बंद. बॉयलरघरात जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागे. गिरणीचे मॅनेजर साहेबांच्या शेजारीच मंचावर बसले असणार, कारण सगळ्यांत आधी जोडला गेलेला कारखाना त्यांचाच. दोघांचेही फोन बंद. शेवटी बाईंनी गिरणीच्या गेटवर फोन केला.

"मी तपासणी खात्यातून बोलते. तीन नंबर पेटवू देऊ नका. बंदी आहे त्याच्यावर."

"आमच्याकडे तर हिरवा दाखवतोय," गेटवरचा माणूस म्हणाला.

"तो चुकून हिरवा झालाय हो!"

"बाई, तुमच्याच खात्याचं पत्र आमच्याकडे चिकटवलंय. आजपासून फोन नाही, कागद नाही, स्क्रीनवर असेल तेच खरं. मी कुणाच्या फोनवरून पाळी थांबवली तर माझी नोकरी जाईल."

ते पत्र बाईंनीच टाइप केलं होतं. त्यांनी फोन ठेवला. अकरा अडतीस.

"लाल करा तो ठिपका," त्या ढगवाल्याला म्हणाल्या.

"आज बदल गोठवलेत, बाई. उद्घाटन आहे ना. मी तक्रार टाकतो, चार तासांत उत्तर येतं."

"अरे, चार तासांत काय उत्तर आणताय! बावीस मिनिटं आहेत!"

ढगवाल्याचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने तीन ठिकाणी फोन फिरवले आणि तिन्ही ठिकाणी त्याला गाणं ऐकवण्यात आलं. बाई उभ्या राहिल्या, बसल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. गिरणी गाडीने चाळीस मिनिटांवर. एकदा वाटलं रडावं, एकदा वाटलं या ढगवाल्याच्या थोबाडीत द्यावी, आणि मग आठवलं की सही आपली आहे.

"कुठलीच नोंद तडक जात नाही का?"

"एक जाते," तो चाचरत म्हणाला. "अपघाताची. ती भरली की बॉयलर आपोआप बंदीत जातो. कारखाना, रुग्णालय, अग्निशमन, सगळीकडे एकदम कळतं. पण बाई, अपघात झालेला नाही. खोटी नोंद म्हणजे गुन्हा आहे."

"माझ्या नावाने उघडा."

फॉर्म उघडला. बॉयलर नंबर तीन, वेळ अकरा शेहेचाळीस. जखमींच्या रकान्यात बाईंनी शून्य टाकलं. स्क्रीनने नम्रपणे कळवलं की जखमी नसल्यास नोंद उद्या तपासली जाईल. त्यांनी एक टाकला. मग नाव मागितलं, आणि तेही मनचं चालेना. त्या पाळीला त्या बॉयलरवर असलेल्या माणसांच्या यादीतूनच निवडायचं होतं.

यादीत एकच नाव होतं. धाकट्याचं.

बाईंनी माउसवरचा हात काढून घेतला. गोवर, टायफॉइड, दहावीचं वर्ष, सगळ्यातून ज्याला ओढून काढलं, त्याच्या नावापुढे आता 'गंभीर जखमी' असं आपल्या हाताने लिहायचं. एकतीस वर्षं नोंदी केल्या, पण असली अभद्र नोंद कधी केली नव्हती.

"मी दाबू का?" ढगवाल्याने हळूच विचारलं.

"नको. तुम्ही कशाला अडकताय."

त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. उघडून पाहिलं तर ठिपका लाल झाला होता. अकरा एकोणपन्नास.

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. यंत्रणेचा संदेश होता: 'आपले नातेवाईक कामाच्या ठिकाणी गंभीर जखमी झाले आहेत.' नातेवाइकांत पहिलं नाव त्याने ताईचंच दिलेलं होतं. दोन मिनिटांपूर्वी स्वतःच लिहिलेलं खोटं बाईंनी पुन्हा पुन्हा वाचलं.

पाच मिनिटांत साहेबांचा फोन आला. सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर, भाषण चालू असताना, लाल अक्षरांत अपघात झळकला होता.

"बाई, हे काय चाललंय?"

"अपघात झालेला नाही साहेब. नोंद खोटी आहे, मी केली. तसे आणखी नऊ बॉयलर आहेत. नंबर सांगते, लिहून घ्या. नाहीतर नऊ फॉर्म भरते."

साहेबांनी लिहून घेतले. चार तासांत उत्तर देणाऱ्या कंपनीने नऊही बॉयलर चार मिनिटांत लाल केले. चौकशी होणार, हे साहेबांनी फोन ठेवताना सांगितलं. बाई "हो" म्हणाल्या. भिंतीवर आता दहाचा आकडा होता आणि तरी बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या फोन हातात धरून खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालत राहिल्या.

बारा वीसला गेटच्या नंबरवरून फोन आला.

"ताई, अगं इथे काय गोंधळ आहे! अ‍ॅम्ब्युलन्स आलीये, बंब आलाय, आणि एक जण मला म्हणतोय स्ट्रेचरवर झोपा. मी म्हटलं मला काही झालं नाही, तर तो म्हणतो कंप्युटरवर झालंय."

"तू उभा आहेस ना?"

"उभाच आहे. काडी ओढणार तेवढ्यात सगळं बंद पडलं. मला सकाळपासून त्या तीन नंबरची धाकधूकच वाटत होती, ताई. पण म्हटलं, तुमच्याकडून हिरवा आलाय, म्हणजे ताईने बघितलं असणार."

बाईंनी खिडकीची चौकट घट्ट धरली.

"नव्हतं रे बघितलं," त्या म्हणाल्या.