सात मऊ, सात कडक

मंगळवारचा चालण्याचा गट बंद होणार हे कळलं, तेव्हापासून टागे ब्रोडरसनला घास गोड लागेना. त्याची बायको मेथा मार्चमध्ये गेली. त्यानंतर आठवड्यातून एकच दिवस त्याच्याशी कोणी धड बोलायचं, तो मंगळवार.

नगरपालिकेच्या मधुमेह योजनेचा नियम साधा होता. गटात रक्तातली साखर धोक्याच्या आकड्यावर गेलेलं एक तरी माणूस असेल, तरच गट चालू. आणि हे अकरा म्हातारे पाच वर्षं चालून चालून ठणठणीत झाले होते. शुक्रवारी योजना आखणारा येस्पर स्वतः रक्त तपासायला येणार होता.

"आपलं आरोग्यच आपल्या मुळावर आलंय," गटाची पुढारी गुडरुन म्हणाली. "टागे, आपल्या रिवाजाचं कॉफीचं टेबल मांडू. सात मऊ केक, सात कडक. तासाभरात साखर आभाळाला भिडते की नाही बघ!"

टागेने मेथाच्या वहीत बघून राय धान्याच्या पावाचा केक केला. तो मऊ व्हायला हवा होता.

"हे काय, वीट भाजलीस?" गुडरुनने विचारलं. "आता सहा मऊ आणि आठ कडक झाले."

"तिच्या वहीत वेळ लिहिलेली नाही. 'झाला की काढ' एवढंच लिहिलंय."

 गुडरुनने ती वीट टेबलाच्या मधोमध ठेवली.

येस्पर आला. डेन्मार्कच्या या भागात, दक्षिण जटलंडात, टेबलावरचा एक केक जरी चाखायचा राहिला, तरी करणाऱ्याचा अपमान होतो. येस्परने चौदाही चाखले. टागेचा तर कॉफीत बुडवून दोनदा.

मग बोटं टोचली. पस्तीस. सदतीस. चौतीस. सगळे उत्तम.

"असं कसं?" गुडरुन ओरडली. "मी क्रीमचे तीन तुकडे खाल्लेत!"

"हे यंत्र आजची साखर नाही सांगत," येस्पर म्हणाला. "तीन महिन्यांची सरासरी सांगतं. बेचाळिसाच्या वर धोका."

टागेने टोपी उचलली. गट संपला होता.

"यंत्र बिघडलंय," गुडरुन हटेना. "तुमच्या बोटावर दाखवा बघू!"

येस्पर हसला, बोट टोचलं, आणि हसायचा थांबला. शेहेचाळीस.

"तीन महिने तुम्ही काय करत होतात?" टागेने विचारलं.

"गावोगाव योजना समजावत होतो," येस्पर पडेल आवाजात म्हणाला. "बत्तीस गावं. आणि प्रत्येक गावात..." त्याने टेबलाकडे हात केला.

"गटातला माणूस याच गावचा हवा, असं योजनेत आहे?" टागेने पुढे विचारलं.

"नाही. ते लिहायचं राहिलं."

गुडरुनने तोवर गटाच्या यादीत बारावं नाव लिहूनही टाकलं होतं.

"मंगळवारी नऊला," टागे म्हणाला. "आणि हे असले बूट नकोत, रस्ता चिखलाचा आहे. माझ्याबरोबर चाला. मी हळू चालतो, पण बोलतो भरपूर."