नाखव्याची मिरवणूक

"जीव गेला तरी सितारामला मत देनार नाय," रांगेत पुढे उभी असलेली गिरजाबाई म्हणाली. "आनि सांगून ठेवते, मानूस म्हनशील तर देव हाय."

तिच्या मागे सुंदराबाई उभी होती. तिच्या मुठीतली शिंपली घामाने ओली झाली होती.

दिवाळे गावच्या देवळात त्या दुपारी खालच्या आळीची पार्टी आपला उमेदवार निवडत होती. गावकीच्या अध्यक्षाची निवडणूक तोंडावर आली होती. सध्याचा अध्यक्ष वरच्या आळीचा बाजीराव. मासळी सुकवायचं खळं रेतीवाल्याला द्यायचं त्याने ठरवलं होतं. पलीकडे नवं शहर उभं राहत होतं आणि शहराला रेती लागते, बोंबील लागत नाहीत, असं त्याचं मत होतं. सुंदराबाईचं घर त्या खळ्यावर चालायचं. बाजीराव पुन्हा आला की संपलं.

त्याला पाडू शकेल असा एकच, सुधीर. पोरगा बोलका, बेलापूरला नोकरीला, बुडाखाली स्कूटर आणि सासुरवाडी थेट वरच्या आळीत.

पण पार्टीचा उमेदवार आजवर सिताराम नाखवाच. तीनदा उभा राहिला, तीनदा पडला. पडण्यामागे त्याची स्वतःची मेहनत होती. भर सभेत कुणी विचारलं, "नाखवा, बर्फाची सोय करशील?" तर म्हणायचा, "नाय जमनार." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मतं बाजीरावला दिली. मागच्या खेपेला तर तो एका मताने पडला, तेही स्वतःच्या. बाजीराव मत मागत दारात आला होता. दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं? याने शब्द दिला आणि पाळला.

सुंदराबाईचा नवरा गेला त्या वर्षी तिच्या उंबऱ्यावर रोज मासळीची पाटी यायची. विचारलं की सिताराम म्हणायचा, "माझी नाय. कुनाची तरी राहिली असंल."

या गावात हात वर करून मत देत नाहीत. सगळे एकमेकांचे व्याही-जावई. वर गेलेला हात पुढच्या लग्नात पंगतीला बरोब्बर आठवतो. खाडीत कुणी कुठे जाळं लावायचं इथपासून सगळा निवाडा शिंपल्यांवर. टांगलेल्या जाळ्याच्या आडोशाला दोघांच्या नावाचे दोन माठ ठेवायचे, ज्याला मत त्याच्या माठात शिंपली टाकायची. जाळ्यातून आरपार दिसतं, म्हणून बाकीच्यांनी पाठ करून उभं राहायचं.

सुंदराबाई जाळ्यामागे गेली. सगळे सुधीरलाच टाकणार, तिने विचार केला. म्हातारा शून्यावर जाणार. आपली एक इकडे पडली तर काय बिघडतं?

टाकली.

शिवराम पुजाऱ्याने माठ उपडे केले. सुधीरच्या माठातून एक शिंपली निघाली. बाकी सगळ्या सितारामच्या.

 अख्ख्या पार्टीने एकमेकांच्या शहाणपणावर भरवसा ठेवून दया केली होती.

"तू बोल्लीस ना, जीव गेला तरी नाय?" कुणीतरी गिरजाबाईवर खेकसलं.

"मना काय ठावं, तुमीबी माझ्यासारखेच!"

"मीपन नाखव्यालाच टाकली," सुधीर खाली मान घालून म्हणाला. "सोताला कशी टाकायची? लाज वाटते."

"मंग ती एक कुनाची?"

सितारामने हात वर केला. "पोरगं सकाळी दारात आयलं. शब्द दिला." मग त्याने शिंपल्यांच्या ढिगाकडे पाहिलं. "म्हंजे... मी जिंकलो?"



"व्हय नाखवा," सुंदराबाई म्हणाली. "जिंकलास."

जिंकल्यावर काय करतात ते त्याला माहीत नव्हतं. "मिरवनूक काढतात ना?"

कुणाच्या तरी हळदीला आलेला बँड वाटेतच वळवण्यात आला. गुलाल उधळला. मिरवणूक वरच्या आळीत शिरली तेव्हा बाजीरावने स्वतः बाहेर येऊन नाखव्याला हार घातला. असा विरोधक पुन्हा मिळाला म्हणून त्याचा आनंद अगदी मनापासूनचा होता.

देवळापाशी परत आल्यावर सितारामने तो हार काढला आणि सुधीरच्या गळ्यात घातला.

"माझं झालं. आता तू उभा रहा."

"पन नाखवा, लोकांनी तुमाला निवडलंय!"

"म्हनूनच माझं ऐकतील." तो लोकांकडे वळला. "ऐकनार ना?"

गिरजाबाईने डोळ्यांना पदर लावला आणि त्याच हाताने वरच्या आळीतली सुधीरच्या सासऱ्याच्या भावकीची घरं मोजायला घेतली. "गनित बसतंय," ती म्हणाली. "या वक्ताला बसतंय बग." सुंदराबाईने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. मग तिने सितारामकडे पाहिलं.

तो निघाला होता. भरती लागली होती, होडी न्यायला हवी होती. गुलालाने माखलेला म्हातारा खाडीकाठच्या खाजणाच्या चिखलातून सावकाश चालत गेला. बँडवाल्यांना थांबा असं कुणी सांगितलंच नव्हतं. तेही विजारी वर करून, वाजवत वाजवत त्याच्यामागून गुडघाभर पाण्यात गेले आणि होडी वळणाआड होईपर्यंत तिथेच उभे राहून वाजवत राहिले.