आमाचा चेहरा

कोलंबियातल्या ला कुचिया गावात बाळ जन्मलं की बायका आधी त्याचं तोंड बघतात. मुलगा की मुलगी, ते नंतर. ज्या घरात बोबेरा आहे, म्हणजे चाळिशीपुढे माणसाला येडं करून सोडणारा तो घराण्याचा आजार, तिथे तर आजारी आजीचं नाक बाळात उतरलंय का हे डोळ्यांत तेल घालून तपासतात. ज्याचा चेहरा त्याचा बोबेरा, ही काळ्या दगडावरची रेघ. मेदेयीन शहरातले डॉक्टर तीस वर्षं गावाचं रक्त नेतायत. मेलेल्यांचे मेंदूसुद्धा लोकांनी विनातक्रार काढून दिले. पण रेघ काही पुसली नाही.

एदिल्माला आमाचा, म्हणजे आईचा, चेहरा जसाच्या तसा मिळाला होता. तीच रुंद जिवणी, त्याच जुळलेल्या भुवया. नऊ वर्षांनी धाकटी नोएमी बापाच्या वळणावर गेली. म्हणजे वाटणी पाळण्यातच झाली. नोएमीचं एकोणिसाव्या वर्षी लग्न लागलं, आणि एदिल्माच्या वाट्याला आमा आली. आमा चव्वेचाळिसाव्या वर्षी गुळाच्या पाण्यात मीठ घालू लागली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी गेली. मधली चौदा वर्षं तिला भरवणं, धुणं, कॉफीच्या मळ्यात हरवली की शोधून आणणं, सगळं एदिल्माने केलं.

त्या काळात अनिबालने तिला दोनदा मागणी घातली. दोन्ही वेळा ती म्हणाली, "हे तोंड बघ नीट. आणखी वीस वर्षांनी हे तुला ओळखणारसुद्धा नाही." बिचाऱ्याने शेवटी दुसरीशी लग्न केलं आणि मेदेयीन गाठलं. एदिल्मा वाट बघत बसली. नवऱ्याची नव्हे, बोबेराची.

पंचेचाळीस उलटलं, पन्नास उलटलं. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी ती सगळ्या कोंबड्यांची नावं म्हणून बघायची. एकही चुकायची नाही. घरात बोलायला त्या कोंबड्याच होत्या. आता छप्पन्न झालं होतं. अनिबालची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती आणि तो दर रविवारी फोन करायचा.

"कागदबिगद राहू दे गं. तू ये."

"आधी कागद," ती म्हणायची.

रक्तात काय सापडलं ते पूर्वी डॉक्टर कुणालाच सांगत नसत. आता ज्याला हवं त्याला सांगायचं ठरलं होतं, तेही तीनदा बोलावून, समजावून. एदिल्माच्या तिन्ही बैठका झाल्या होत्या. आज निकाल होता. कागद स्वच्छ निघाला तर दोनच्या बसने मेदेयीन, म्हणून पेटी सोबतच घेतली होती. प्रवासासाठी केसांचा आमासारखा उंच अंबाडा घातला होता. शाळेत डॉक्टरांचं पथक उतरलं होतं, तिथवर नोएमी सोबत आली. तिचा नवरा कधीच वारला होता आणि दोन्ही मुलगे स्पेनला होते.

"बस कितीला गं?" नोएमीने चढावर विचारलं.

"दोनला."

देवळापाशी पुन्हा, "बस कितीला?"

"अगं दोनला! तोंड चालतं तुझं, कान नाही चालत."

नोएमी पहिल्यापासूनच धांदरट. गेल्या महिन्यात विस्तवावर आरेपा, म्हणजे मक्याची भाकरी, ठेवून प्रार्थनेला गेली आणि तिचा कोळसा करून बसली, तेव्हा एदिल्मा पोट धरून हसली होती. बापाचं नाक असलेल्या बाईची कसली काळजी?

यानेत नर्सने एदिल्माला एकटीला आत घेऊन दार लावलं. "एदिल्माबाई, तुमच्या रक्तात बोबेराची चूक नाही."

एदिल्माला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. "कसं शक्य आहे? मला आमाचा चेहरा आहे!"

"चेहऱ्याचा काही संबंधच नाही." यानेत सावकाश सांगू लागली. "मेंदूत एक लांबट प्रथिन असतं आणि त्याचे तुकडे करणारी कात्री असते. तुमच्या घराण्यात त्या कात्रीच्या आराखड्यात एक अक्षर चुकलंय. मग तुकडे चिकट पडतात आणि साचत जातात. कॉफी धुवायच्या पाटात साल साचली की पाणी तुंबतं ना? तसंच. त्रास चव्वेचाळिसाला दिसतो, साचायला वीस वर्षं आधीच सुरुवात झालेली असते. आणि ही चूक कुणाकडे जाणार, ते नाणं उडवल्यासारखं असतं. प्रत्येक पोराचं नाणं वेगळं."

"प्रत्येक पोराचं," एदिल्मा म्हणाली. मग तिने विचारलं, "नोएमीचं?"

"ते फक्त त्यांनाच सांगता येतं. त्यांनी विचारलं तर." यानेतने कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली.

कागद चोळीत खुपसून एदिल्मा बाहेर आली. अंगणात पेटी उघडी पडली होती. नोएमी तिच्यातले इस्त्रीचे, कोरडे कपडे एकेक करून शाळेच्या कुंपणावर वाळत घालत होती.

"काय करतेस हे, मूर्ख बाई!" असं ओरडायला एदिल्माने तोंड उघडलं, तेवढ्यात नोएमी वळली. तो अंबाडा, त्या भुवया बघून तिचा चेहरा अकरा वर्षांच्या पोरीसारखा उजळला.

"आमा! किती वेळ लावलास गं!"

सगळा जन्म एदिल्मा स्वतःच्या तोंडावर पहारा देत बसली होती, आणि चोर शेजारच्या घरात शिरला होता.

देवळाच्या वळणावर दोनच्या बसचा भोंगा वाजला.

"एदिल्मा कुठंय, आमा?"

मीच एदिल्मा, असं म्हणता आलं असतं. पण चौदा वर्षांच्या अनुभवाने तिला ठाऊक होतं, असं सांगितलं की बोबेराची माणसं घाबरतात आणि रडत बसतात.

"एदिल्मा गेली," ती म्हणाली. "मेदेयीनला. अनिबालकडे."

"लग्न करणार?"

"हो."

नोएमीने टाळ्या पिटल्या. "बरं झालं बाई! फार एकटी असायची गं ती. कुणाला बोलायची नाही, पण मला दिसायचं." मग तिने एदिल्माची बाही घट्ट धरली. "तू नाही ना जाणार, आमा?"

बस चौकात थांबली. कोणी चढलं नाही, तशी ती निघून गेली. एदिल्माने कुंपणावरचा पहिला झगा काढला आणि घडी घालायला त्याचं एक टोक नोएमीच्या हातात दिलं.

"नाही गं," ती म्हणाली. "मी कुठं जाते?"