शनिवारचं गोड

वजन कमी करणाऱ्यांच्या ऑनलाइन गटात एका अनामिक बाईनं लिहिलं, "भूक नसतानाही खाते, थांबताच येत नाही."

मी सुनावलं, "आमच्या वेळी अख्ख्या स्वीडनात मुलांना गोड फक्त शनिवारी मिळायचं. ही असली व्यसनं नव्हती. जरा चालायला जा."

लगेच उत्तर आलं. "आजीबाई, माझी आईही शनिवारीच द्यायची. त्याआधी पाहुण्यांसमोर मला आजोबांच्या मासळी तोलायच्या काट्यावर बसवून माझं वजन करायची. तेव्हापासून मी दार लावून खाते."

त्या काट्याला हेरिंग मासळीचा वास यायचा. पाहुण्यांबरोबर मीही हसायचे. माझी नऊ वर्षांची लेक इल्वा खाली बघत राहायची.

मी लिहिलेलं पुसून टाकलं आणि इल्वाला फोन लावला.

"काय गं आई, बरी आहेस ना?"

"त्या काट्याचं मी वाचलं. चालायला जा म्हणणारी ती आजीबाई मीच होते."

तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.